पाटगाव: सह्याद्रीच्या कड्यालगतचं गाव कसं पाहावं

पुण्याच्या एका कुटुंबाने विचारलं आहे: पन्हाळा, जोतिबा, खिद्रापूर पाहून झालं. आता कोल्हापूर जिल्ह्यातलं एखादं खरोखर आडबाजूचं डोंगरी गाव पाहायचं आहे. ‘मधाचं गाव’ म्हणून पाटगावचं नाव ऐकलं. तिथे नेमकं काय आहे, भूगोल कसा आहे, कधी जावं, किती दिवस हाताशी ठेवावेत? बरोबर सत्तरीतले आई-वडील आहेत आणि दहा वर्षांचा मुलगा.

जरूर जा, पण दोन मुक्काम ठेवून जा. सकाळी निघून संध्याकाळी परत कोल्हापूर गाठणाऱ्याला पाटगाव दिसत नाही, फक्त त्याचे फोटो मिळतात. मी कोल्हापुरात भूगोल शिकवला. मुलांना क्षेत्रभेटीला न्यायचं तर माझी पहिली पसंती कायम याच गावाला असे. सह्याद्री म्हणजे काय, नदी कुठून निघते, पाऊस एका जागी कोसळतो आणि दुसरीकडे का रुसतो, किल्ला अमुकच ठिकाणी का बांधला, हे सगळं इथे एका खोऱ्यात डोळ्यांनी पाहता येतं. वर्गात फळ्यावर जे तासन्‌तास काढूनही कळत नाही ते इथे पोरांना अर्ध्या दिवसात कळतं.

सुरुवातीलाच एक समजूत बाजूला ठेवा. डोंगरी गाव म्हणजे महाबळेश्वरासारखं उंचावर, घाट चढून गाठायचं, असं चित्र मनात असतं. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि पाटगाव सहाशे मीटरच्या थोडं वर. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर गाडी चालवून तुम्ही फारसे चढलेलेच नसता. कोल्हापूर, बिद्री, मुदाळ तिट्टा, गारगोटी, शेणगाव, कडगाव, पाटगाव असा हा रस्ता. गारगोटीपर्यंत पंचावन्नच्या आसपास आणि पुढे तीसेक किलोमीटर. यात दमछाक करणारा घाट नाही, त्यामुळे आई-वडिलांची काळजी नको. पाटगावचं डोंगरीपण त्याच्या उंचीत नाही. दख्खनचं पठार जिथे संपतं, त्या कड्याला टेकून ते बसलं आहे. गावाच्या पश्चिमेला रानातून काही तास चाललात की पायाखालची जमीन संपते आणि खाली शे-दीडशे मीटर उंचीवरचं कोकण दिसतं, कुडाळच्या बाजूची गावं, माड, भाताची खाचरं.

हा कडा नीट समजून घेतला की बाकी सगळं आपोआप उलगडतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. पुढे हे सगळं पठार पूर्वेकडे कललं, धान्य पाखडताना सूप कलतं तसं. पश्चिमेची कड उचललेली राहिली आणि पाणी पूर्वेला वाहू लागलं. म्हणून अरबी समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर असताना पाटगावात पडलेला थेंब त्याच्याकडे पाठ फिरवतो. तो वेदगंगेतून दूधगंगेत, दूधगंगेतून कृष्णेत आणि हजारावर किलोमीटर चालून थेट बंगालच्या उपसागरात जातो. त्याच पावसातला, डोंगरमाथ्याच्या धारेच्या पलीकडे दोन पावलांवर पडलेला दुसरा थेंब मात्र त्याच आठवड्यात अरबी समुद्राला मिळतो. मुलाला ही धार नक्की दाखवा. जवळच्या रांगणा किल्ल्याच्या वाटेवर ती पायांनी ओलांडता येते.

आता पाऊस. नैऋत्येकडून आलेले ढग या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि ओझं इथेच उतरवतात. गगनबावडा, दाजीपूर, पाटगाव या पट्ट्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, काही वर्षी त्याहूनही जास्त. कोल्हापूर शहरात तोच हजाराच्या घरात येतो आणि शिरोळला पोचेपर्यंत निम्म्यावर. एकाच जिल्ह्यात, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत एवढी उतरंड! येताना खिडकीतून ही उतरंड उलट दिशेने वाचत या. बिद्रीपाशी दोन्ही बाजूंना ऊस. तिथल्या साखर कारखान्याचं नावच दूधगंगा-वेदगंगा आहे, म्हणजे ऊस कुणाच्या जिवावर उभा आहे ते नावातच सांगितलं आहे. गारगोटीच्या पुढे ऊस विरळ होत भात वाढतो. कडगावच्या पुढे खाचरं लहान होतात, उतारावर नाचणी आणि काजू दिसू लागतो, रान रस्त्याजवळ येतं. घरांची कौलारू छपरं जास्त उतरती होतात. मे महिन्यात आलात तर प्रत्येक घरापुढे जळणाची रास रचून झाकलेली दिसेल आणि पावसाकडच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधायची घाई चाललेली असेल. जूनमध्ये पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेवढ्या दिवसांची बेगमी इथल्या बाईला आधीच करून ठेवावी लागते. हे मी कौतुकाने सांगतो आहे. या तयारीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास आहे.

गावाच्या वरच्या अंगाला वेदगंगेवरचं धरण आहे. पाटगाव धरण किंवा मौनीसागर, दोन्ही नावं चालतात. साठवण पावणेचार टीएमसीच्या, म्हणजे पावणेचार अब्ज घनफुटांच्या आसपास. कोल्हापूरकर राधानगरीच्या स्वयंचलित दरवाज्यांचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे, पण वेदगंगा खोऱ्यातल्या माणसाला उन्हाळ्यात विचारा, त्याच्या तोंडी पाटगावचं नाव येतं. पावसाळ्यात भरलेलं हे पाणी जानेवारीनंतर टप्प्याटप्प्याने नदीत सोडतात. खाली जागोजागी असलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या घालून ते अडवतात. गारगोटी, मुरगूड, पार निपाणीच्या बाजूपर्यंतची पिकं आणि नळ त्यावर चालतात. पावसाळा आला की फळ्या काढून ठेवतात, पूर मोकळा जातो. ज्या गावात पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्याच गावच्या डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायकांना पाण्यासाठी झऱ्यावर जावं लागतं, हेही तिथेच पाहायला मिळतं. जांभ्याच्या सड्यातून, म्हणजे माथ्यावरच्या तांबड्या सच्छिद्र दगडाच्या उघड्या पठारातून, पाणी मुरतं आणि उतारावरून निघून जातं, वर काही थांबत नाही. पर्यटक म्हणून तिथे घागरभर पाणी वापरताना एवढं ध्यानात ठेवा.

जलाशयाच्या काठावर संध्याकाळी आई-वडिलांना घेऊन बसा. गाडी जवळपर्यंत जाते, चढ नाही, पाण्यात तिन्ही बाजूंचे डोंगर उतरलेले असतात. पोहायला मात्र कुणी उतरू नका. काठाचा गाळ फसवा असतो आणि पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट असतात.

गावात पाहायचं पहिलं ठिकाण म्हणजे मौनी महाराजांचा मठ. सतराव्या शतकातले हे सत्पुरुष. मौनव्रत घेतलेले, म्हणून मौनी महाराज. १६७६ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला पाटगावला आले होते, असं परंपरा सांगते. एवढ्या आडरानात छत्रपती का यावेत, असा प्रश्न मुलाला पडेल. पडलाच पाहिजे. त्या काळी हे आडरान नव्हतं. कोकणातून घाटावर येणाऱ्या पायवाटा या खोऱ्यात उतरत आणि त्यांच्यावर रांगण्याची नजर असे. मोटाररस्ते आले, घाटरस्ते दुसरीकडून गेले, आणि पाटगाव आडबाजूला पडलं. ‘दुर्गम’ हा गावाचा जन्मजात गुण नसतो, रस्ते कुठून काढले त्यावर ते ठरतं. मौनी महाराजांचं नाव मात्र खोऱ्यात खाली उतरलं. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी गारगोटीत ग्रामीण शिक्षणाचं जे मोठं काम उभं केलं, त्याला मौनी विद्यापीठ असंच नाव दिलं. नाईक शेजारच्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. मठात शांत बसा, मोठ्याने बोलू नका, फोटो काढण्याआधी विचारा. भद्रकालीचं देऊळही गावातच आहे, तिथे जाऊन या.

आता रांगणा. तुमच्यापैकी ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी एक पूर्ण दिवस याला द्यावा. पाटगावहून तांब्याची वाडी, भटवाडी, तिथून रानातून चिक्केवाडी आणि मग किल्ला. भटवाडीच्या पुढे वाट कच्ची आहे, ओढे लागतात. कोरड्या दिवसांत जीप काही अंतर जाते, पण माझं ऐकाल तर चाला. मुलाला घेऊन, थांबत थांबत, अडीच-तीन तास लागतील. झाडी इतकी दाट की डिसेंबरात सकाळी दहालाही सावली ओली असते. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, गेळा आणि खाली कारवीची दाटी. शेकरू दिसण्याआधी ऐकू येतं. मोठ्या धनेशाच्या पंखांचा आवाज एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. गवे या रानात सर्रास आहेत, अस्वलही आहे. म्हणून गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नका. वाट चुकण्याची शक्यता आहेच, शिवाय गवा कोणत्या पाणवठ्यावर आहे ते त्यालाच माहीत असतं. कळप दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. एकटा नर दिसला तर तशीच पावलं मागे घ्या. हॉर्न, शिट्ट्या, आरोळ्या बिलकूल नकोत.

रांगण्याची मजा अशी की तो चढून गाठायचा किल्ला नाही. घाटमाथ्यापासून एक सोंड कोकणात पुढे आली आहे आणि तिच्यावर तो आहे. आपल्या बाजूने आपण जवळजवळ सपाटीवरून येतो, एका खिंडीत उतरतो आणि समोर तटबंदी उभी राहते. बाकी बाजूंना तुटलेला कडा. कोकणातून कुडाळ तालुक्यातल्या नारूरकडून येणाऱ्याला मात्र अक्षरशः छाती फुटेपर्यंत चढावं लागतं. म्हणजे कोकणच्या बाजूने अभेद्य आणि घाटाच्या बाजूने एका खिंडीवर तगलेला, असा हा किल्ला आहे. बांधणारा शिलाहार राजा दुसरा भोज असं मानतात. पुढे आदिलशाही, सावंतवाडीचे सावंत यांच्याकडून तो स्वराज्यात आला. १६६७ च्या उन्हाळ्यात आदिलशाही सरदार बहलोलखानाने वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज जातीने येऊन तो मोडून गेले. त्याचं नाव प्रसिद्धगड ठेवलं गेलं.

मला यातला सर्वांत बोलका प्रसंग १७०८ चा वाटतो. शाहू महाराज आणि ताराराणी यांच्यातला वारसाहक्काचा संघर्ष पेटला होता. शाहूंच्या फौजेने पन्हाळा घेऊन रांगण्याला वेढा दिला. ताराराणींच्या बाजूने रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ला झुंजवला, वेढा लांबला आणि पावसाळा तोंडावर आला. या पट्ट्यातला पाऊस उघड्यावर तंबू ठोकून काढणं कुठल्याही फौजेला शक्य नाही. वेढा उठला. कोल्हापूरच्या गादीचा पुढचा सगळा इतिहास ज्या नाजूक काळात ठरत होता, त्या काळात या कड्यावरच्या पावसाने त्यात हात घातला. मी मुलांना म्हणत असे, पर्जन्यमानाचा नकाशा इतिहासाच्या पुस्तकातही असायला हवा.

किल्ल्यावर रांगणाईचं देऊळ आहे, दीपमाळ आहे, तळं आहे, वाड्याचे अवशेष आहेत. देवीच्या दोन बाजूंना विष्णू आणि भैरव. देवळाच्या सावलीत डबा खा आणि मग हत्तीसोंड माचीपर्यंत जा. कोकणाकडे झेपावणारी ही निमुळती माची चुकवली तर रांगणा पाहिलाच नाही असं मी म्हणेन. तिथून कड्याची रचना दिसते: लाव्ह्याचे आडवे थर, माथ्यावर जांभ्याची तांबडी टोपी, खाली अर्धगोल कोरत गेलेली दरी. पश्चिमेकडून ओढे दरवर्षी कड्याला थोडं थोडं मागे ढकलत आहेत. कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात तर या लाव्ह्याखालचे, त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडले आहेत. माचीच्या टोकाला मुलाचा हात सोडू नका. किल्ल्यावर राहायची हौस टाळा आणि दुपारी दोनच्या आत परतीला लागा. रानात अंधार लवकर पडतो.

चिक्केवाडीच्या वाटेवर आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडे लागतात. चार-सहा घरं, म्हशी, शेणाने सारवलेलं अंगण. गवळी धनगरांच्या पिढ्या या रानात गेल्या. रस्ता, शाळा, दवाखाना त्यांच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोचतो. आजारी माणसाला डालग्यात किंवा झोळीत घालून खाली आणावं लागतं, ही गोष्ट इथे जुनी झालेली नाही. घरात बोलावलं तर जा, ताक दिलं तर प्या, पोरांना चॉकलेटं वाटू नका. दूध-तूप विकत मिळत असेल तर सांगतील त्या भावाने घ्या, घासाघीस करू नका.

आता मध. मला सर्वांत जास्त लिहायचं आहे ते यावर, कारण इथेच येणारे लोक सर्वांत जास्त घाई करतात. दुकानातून बाटली उचलली, झालं मधाचं गाव. महाबळेश्वराजवळचं मांघर हे राज्यातलं पहिलं मधाचं गाव. त्यानंतर राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकाराने पाटगाव आलं आणि २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सर्वोत्तम पर्यटन गाव स्पर्धेत त्याला कांस्य गटात स्थान मिळालं. पण इथली माणसं मध काढायला काही पुरस्कारानंतर लागलेली नाहीत. रानातला मध हा या खोऱ्याचा जुना जोडधंदा आहे.

पेटीतली माशी बहुतेक सातेरी असते. अंगाने लहान, स्वभावाने त्यामानाने शांत, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळाच्या पोकळीत अंधारात समांतर पोळी बांधणारी. अंधार आणि पोकळी लागते म्हणूनच तिला लाकडी पेटीत पाळता येतं. आग्यामाशी उघड्यावर, कड्याला किंवा उंच झाडाला एकच मोठं पोळं लावते, तिला पेटीत ठेवता येत नाही. फुलोरी झुडपात तळहाताएवढं पोळं करते. पोयाची माशी डंखच करत नाही. मधपाळाला सांगा, पेटी उघडून दाखवा. सकाळी ऊन आल्यावर तो उघडेल. खालच्या मजल्यावर पिल्लांची पोळी, वर मधाचा मजला. मधाच्या चौकटी काढतो, मेणाची झाकणं सुरीने उडवतो, यंत्रात फिरवून मध काढतो आणि पोळं जसंच्या तसं परत पेटीत ठेवतो. माशीचं मेण बांधायचं कष्ट वाचतं, पिल्लांना धक्का लागत नाही. पोळं पिळून काढलेल्या मधात अळ्या आणि पराग चिरडले जातात, तो लवकर आंबतो. या दोन पद्धतींतला फरक मुलाने डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

मधाची चव फुलोऱ्यावर जाते. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलतं. त्याचा मध गडद आणि किंचित कडवट-तुरट असतो. गोड नाही म्हणून लोक नाक मुरडतात, मला मात्र तोच आवडतो. पुढे हिरडा येतो. कारवी सात वर्षांनी एकदा सगळ्या डोंगरावर एकदम फुलते आणि त्या वर्षीचा मध वेगळाच असतो, तो योग सगळ्यांना येत नाही. पावसाळ्यात माशीला बाहेर पडता येत नाही, फुलंही नसतात. तेव्हा मधपाळ साखरेचा पाक देऊन वसाहती जगवतो. म्हणून नवा मध हवा असेल तर एप्रिल-मे महिन्यात जा. ऑगस्टमध्ये ‘ताजा रानमध’ म्हणून कुणी बाटली पुढे केली तर दोन प्रश्न विचारा. थंडीत मध गोठून साखरेसारखे कण झाले की लोक भेसळ म्हणून ओरडतात. ते चूक आहे, बरेच शुद्ध मध गोठतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुरे, गॅसवर ठेवू नका.

माझा जीव या मधावर आहे त्याचं कारण चवीपलीकडचं आहे. सातेरीची पेटी ठेवणाऱ्याला जांभळाचं झाड तोडवत नाही. रान टिकलं तर मध आहे, हा हिशेब त्याला कुणी शिकवावा लागत नाही. या पट्ट्यात जांभ्याखाली बॉक्साइट आहे. शेजारच्या राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला खाणींनी सड्यांचं काय केलं ते जाऊन पाहता येतं. एकदा सडा खरवडला की वरचा बोटभर मातीचा थर, त्यातल्या वनस्पती आणि खालचे झरे एकदम जातात. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, पण वाघासारखं जनावर अभयारण्याच्या सीमेवर थांबत नाही. राधानगरीपासून दक्षिणेला तिलारीपर्यंतची जी रानाची सलग पट्टी त्याच्या ये-जा करण्याची वाट आहे, ती याच डोंगरांतून जाते. आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर होण्यामागे हेच कारण. ही पट्टी सलग ठेवायची तर इथल्या माणसाला रानातून सन्मानाने चार पैसे मिळाले पाहिजेत. तुम्ही थेट मधपाळाकडून घेतलेली बाटली त्या कामाची आहे. ‘मिनी महाबळेश्वर करा’ असं म्हणणारे मला भेटतात तेव्हा मी त्यांना सांगतो, इथे रिसॉर्टची रांग नको, दहा घरांत चांगल्या अंथरुणाची, स्वच्छ संडासाची सोय हवी.

कधी यायचं ते आता सोपं आहे. तुमच्या मंडळींना नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. ओढे उतरलेले, हवा स्वच्छ, रांगण्यावरून कोकण लांबवर दिसतं. पहाटे खोऱ्यात धुकं साचतं, आईंना गरम कपडे बरोबर असू द्या. एप्रिल-मे मधासाठी आणि रानमेव्यासाठी: करवंदं, जांभळं, काजूची बोंडं. दुपार तापते, पण मेअखेर वळीव झाला की संध्याकाळी काजवे झाडंच्या झाडं उजळतात. बॅटरी न लावता बघा. सप्टेंबरअखेर सड्यांवर फुलं येतात: गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कवला, सोनकी. सीतेची आसवं ही नाजूक जांभळी वनस्पती मातीत नत्र नसतं म्हणून सूक्ष्म किडे पकडून जगते. फुलांत आडवं होऊन फोटो काढणाऱ्यांनी किती झाडं चिरडली ते उठल्यावर मागे वळून पाहावं. वाटेवरूनच चाला.

जुलै-ऑगस्टमध्ये आई-वडिलांना आणि मुलाला आणू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तुम्ही दोघंच असाल तर नितवड्याचा सवतकडा धबधबा बघायला या, तोही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी तिथे दंगा असतो. रांगण्याच्या वाटेवरचे ओढे त्या दिवसांत तासाभरात कमरेइतके चढतात आणि माणूस पलीकडे अडकतो. जळवा लागतात. त्या ओढून काढू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटतात.

मधमाश्यांच्या बाबतीत मात्र काळजी बाराही महिने. अंगाला अत्तर, डिओ लावून रानात जाऊ नका. किल्ल्यावर, कड्याखाली चूल पेटवू नका, सिगारेट नको, दगड भिरकावू नका. आग्या उठली की पळण्यासारखी जागा रांगण्यावर नाही. हल्ला झालाच तर तोंड-डोळे झाकून दाट झुडपात शिरा, पाण्यात उडी मारू नका.

आई-वडिलांसाठी दोन दिवस असे जातील. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, मठ, भद्रकाली, संध्याकाळी जलाशय. दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि मुलगा पहाटे रांगण्याला, ते दोघं गावात मधपाळाकडे आणि दुपारी आराम. जेवण घरगुती सांगा: नाचणीची भाकरी, गावचा भात, कुळथाचं माडगं, दिवसांप्रमाणे भारंगी किंवा टाकळ्याची भाजी. तांबडा-पांढरा तुम्हाला कोल्हापुरात मिळेलच, इथे मागू नका. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते कळवा. इथे फ्रीज भरून ठेवलेला नसतो.

परतीच्या दिवशी गारगोटीत थांबा. १३ डिसेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ला केला, त्यात सात जण हुतात्मा झाले. त्यांचं स्मारक आहे. वेळ आणि गुडघे साथ देत असतील तर पेठ शिवापूरमार्गे भुदरगडावर जा. गाडी वरपर्यंत जवळ जाते, भैरवनाथाचं देऊळ आणि मोठं तळं आहे, पठार ऐसपैस आहे. १८४४ च्या, किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांच्या बंडात सामानगडाबरोबर हाही किल्ला उठला होता आणि ते मोडून काढल्यावर इंग्रजांनी इथल्या तटांची नासधूस केली. कोसळलेला तट म्हणजे सगळा काळाचा परिणाम, असं मुलाला सांगू नका.

पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं गारगोटीतच घ्या. पाटगावपुढे मोबाइलची रेंज धड नसते, घरी तसं सांगून ठेवा. रांगण्याला जाण्याआधी वनखात्याच्या कडगावच्या कार्यालयात चौकशी करून परवानगीचं विचारा. एसटीने येणार असाल तर गारगोटीहून पाटगावच्या गाड्या मोजक्याच आहेत, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.